सीएचबीचे तास आणि पीएच.डी.चा पावसाळा

शहाद्याकडच्या एका मुलीनं प्रश्न विचारला आहे. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी.ची नोंदणी, दुसरं वर्ष चालू, विषय सातपुड्यातल्या रानभाज्या. सोबत एका महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे मिळणाऱ्या मानधनावर शिकवते. कागदावर तास कमी, पण थिअरी, प्रॅक्टिकल आणि एनएसएस धरून आठवड्याचे अठरा-वीस तास जातात. तिचे शब्द असे: "मुलं माझ्या वर्गाला बसतात, शिकवायला आवडतं. पण गेल्या सात महिन्यांत थिसिसची एक ओळ पुढे सरकली नाही. सकाळी उठून संशोधन करायचं ठरवते आणि उद्याच्या लेक्चरची तयारी करत बसते. वेळेचं नियोजन कसं करू? की सीएचबी सोडून देऊ?"

ताई, तुम्ही नियोजनाचं विचारलंय, पण नियोजन तुमच्याकडे असणारच. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं टाइमटेबल माझ्याकडेही होतं, तीन रंगांत. अडचण वेगळीच आहे. तुमच्या दोन कामांपैकी एकाला घंटा आहे आणि दुसऱ्याला नाही. उद्या अकरा वाजता घंटा होणार, साठ मुलं बाकावर बसणार आणि तयारी नसेल तर फजिती तिथल्या तिथे होणार. रानभाज्यांचं प्रकरण मात्र आज लिहिलं नाही तर कोणी हूं की चूं करत नाही. गाइड विचारतील, पण सहा महिन्यांनी. त्यामुळे रोज सकाळी घंटेवालं काम जिंकतं. त्यातून तुम्हाला शिकवायला आवडतं, म्हणजे हरल्याचं दुःखही होत नाही. संध्याकाळी उलट दिवस कारणी लागल्यासारखं वाटतं. सात महिने जातात ते असे.

मी धुळे जिल्ह्यात पंचवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते आहे. माझी पीएच.डी. १९९९ ते २००५, सगळी सीएचबीवर असतानाच. विषय गवतं. माझ्याकडे चार जणांची पीएच.डी. पूर्ण झाली, दोघांची अर्ध्यावर राहिली. अर्ध्यावर राहिलेले दोघंही उत्तम शिक्षक होते, हे आधीच सांगून ठेवते.

सल्ला देण्याआधी तुमच्या परिस्थितीतल्या चार गोष्टी मला माहीत नाहीत. पहिली, नोंदणी पूर्णवेळ आहे की अर्धवेळ, आणि फेलोशिप चालू आहे का. बहुतेक फेलोशिपच्या अटींत दुसरीकडून मानधन चालत नाही. ती घेत असाल तर वेळेचा हिशेब बाजूला ठेवून आधी अटींचा कागद काढा. दुसरी, सीएचबीच्या पैशांवर घर चालतं की तुमचा प्रवास आणि झेरॉक्स भागते. तिसरी, घरी कोण आहे. चौथी, गाइड कसे आहेत. या चारांवर उत्तर बरंच बदलतं. रसायनशास्त्राच्या मुलाला मी जे सांगेन ते तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याचं काम वर्षभर प्रयोगशाळेत चालतं. तुमचं काम पावसावर चालतं. त्यावर पुढे येतेच.

नियमांचं आधी उरकते. तुमचं दुसरं वर्ष म्हणजे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएच.डी.चे २०२२चे नियम तुम्हाला लागू. किमान ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणी करून आणखी २. स्त्रियांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत, पण एकूण १० च्या वर नाही. बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. त्याच नियमांत आणखी एक ओळ आहे, ती फारसं कोणी वाचत नाही: संशोधक विद्यार्थ्याला ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाचं काम द्यायचं तर ते आठवड्याला ४ ते ६ तास. यूजीसीच्याच २०१८च्या नियमांत कायम असिस्टंट प्रोफेसरचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तासांचा धरला आहे. तुम्ही एनएसएस धरून अठरा-वीस करताय. म्हणजे कायम प्राध्यापकाचं काम पदरात घेऊन, संशोधक विद्यार्थ्याइतका वेळ का उरत नाही असं स्वतःला विचारताय. सीएचबी म्हणजे काही ते ट्युटोरियल नव्हे, मला ठाऊक आहे, आणि हा आकडा प्राचार्यांसमोर ठेवून काही मिळणारही नाही. पण स्वतःला आळशी म्हणणं थांबवायला तो पुरेसा आहे.

आता माझी एक गोष्ट. पीएच.डी.च्या दुसऱ्या पावसाळ्यात मी श्रावणात दोन दिवस फिरून चाळीसेक नमुने गोळा केले. हर्बेरियमचं, म्हणजे वनस्पती दाबून-वाळवून जपण्याचं काम केलेल्यांना माहीत असतं, पावसाळ्यात प्रेसमधला, म्हणजे नमुने दाबायच्या चौकटीतला कागद पहिले चार-पाच दिवस रोज बदलावा लागतो. आम्ही ब्लॉटिंग पेपरऐवजी जुनी वर्तमानपत्रं वापरायचो. ओला कागद काढायचा, कोरडा घालायचा, पट्टे आवळायचे, ओले कागद चुलीजवळ वाळत टाकायचे. सासूबाई ते बघून म्हणायच्या, "पाला गोया करीसन काय भेटस व माय?" (पाला गोळा करून काय मिळतं गं?) तर त्या आठवड्यात कॉलेजात एक मॅडम रजेवर गेल्या. त्यांचे तास कोण घेईल म्हटल्यावर मी हात वर केला. कोणी सांगितलं नव्हतं, मीच. तीन दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सहा कॉलेज, त्यात यायला-जायला एसटी. चौथ्या दिवशी प्रेस उघडला तर आत पांढरी बुरशी आणि काळी पडलेली पानं. वास अजून नाकात आहे. दोन-तीन नमुने वाचले, बाकी सगळे उकिरड्यावर. यातली काही गवतं त्या पंधरवड्यातच फुलोऱ्यावर असतात. म्हणजे त्या तीन दिवसांची किंमत मी एक वर्षानं मोजली, पुढच्या श्रावणात. रजेवर गेलेल्या मॅडमचा धडा तर कोणीही पूर्ण केला असता.

तेव्हापासून मी एक फरक करायला शिकले: कोणतं काम पुढे ढकललं तर फक्त उशीर होतो, आणि कोणतं ढकललं तर ते मरतं. शिकवण्यातलं बहुतेक काम पहिल्या जातीचं. धडा मंगळवारऐवजी गुरुवारी झाला तर आकाश कोसळत नाही. तुमच्या संशोधनातलं निम्मं काम दुसऱ्या जातीचं आहे, पण आरडाओरडा मात्र पहिलं करतं.

म्हणून तुमचा हिशेब दिवसाचा नको, वर्षाचा मांडा. रानभाजीची अडचण बघा. टाकळा लोक खातात तो पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत, पाला कोवळा असतो तेव्हा. पण त्या पाल्यावर फूल नसतं, आणि फुलाशिवाय नमुना पक्का ओळखता येत नाही. फूल-शेंगा यायला भाद्रपद उजाडतो. म्हणजे एका भाजीसाठी एकाच पाड्यावर किमान दोनदा जायला हवं, एकदा ती भाजी असताना आणि एकदा ती वनस्पती असताना. करटोली आषाढ-श्रावणात. मोह टपकतो मार्च-एप्रिलात, तोही पहाटे. उजाडल्यावर गेलात तर वेचून झालेला असतो. आता याच्या शेजारी कॉलेजचं वर्ष ठेवा. जून-जुलैत प्रवेश आणि वर्ग सुरू, ऑगस्ट-सप्टेंबरात शिकवण्याची ऐन घाई आणि अंतर्गत परीक्षा, मार्च-एप्रिलात विद्यापीठाची प्रॅक्टिकलं. दोन्ही कॅलेंडरं एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत. हे रोज पहाटे पाच वाजता उठून सुटणार नाही. पहाटे पाचला तुम्ही शहाद्यात असता आणि टाकळा धडगावच्या वरच्या पाड्यावर असतो.

याचा उपाय टाइमटेबल लागण्याआधीच करता येतो, नंतर नाही. जूनमध्ये विभागप्रमुख कागद-पेन्सिल घेऊन बसतात तेव्हा त्यांच्यासमोर असा. "माझे तास कमी करा" म्हणू नका. ते सीएचबीवाल्यांच्या हातात नसतं आणि पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत लक्षातही ठेवलं जातं. तास तेवढेच मागा, पण सोमवार ते गुरुवारात कोंबून मागा. बदल्यात काहीतरी द्या. आमच्याकडे सकाळचं साडेसातचं लेक्चर कोणालाच नको असतं. मी तीन वर्षं ते हसत घेतलं आणि शुक्रवार-शनिवार मोकळे मिळवले. रविवार धरून सलग तीन दिवस. शहाद्याहून तोरणमाळ पन्नासएक किलोमीटर, पण घाट, एसटीच्या वेळा आणि पावसात बंद पडणारा रस्ता धरला तर एका दिवसात जाऊन-येऊन तुम्हाला पाड्यावर जेमतेम दोन तास मिळतात. मुक्कामाशिवाय ते काम होत नाही, आणि मुक्कामाला सलग दिवस लागतात. एकेक सुटा दिवस आठवड्यात तीनदा मिळाला तरी त्याचा काही उपयोग नाही.

जुलै ते ऑक्टोबर अशा सहा-सात फेऱ्या झाल्या तर तुमचं क्षेत्रकाम त्या वर्षापुरतं झालं. उरलेलं वर्ष ओळख पटवणं, माहितीची जुळवाजुळव आणि लिखाण. पावसाळ्यात लिखाण झालं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ते त्या महिन्यांचं पीकच नाही. तुम्ही म्हणता सात महिन्यांत एक ओळ पुढे गेली नाही. त्यातले चार महिने पावसाचे आणि त्याच्या शेपटाचे होते. त्यात किती पाडे झाले, ते सांगा. पाडे झाले असतील तर तुम्ही वाटतं तेवढ्या मागे नाही. पाडेही झाले नसतील, तर मात्र हा पावसाळा गेला.

आता लेक्चरच्या तयारीकडे. तुमचं खरं गळतं भांडं ते आहे. दोन आठवडे फक्त नोंद ठेवा: अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासासाठी किती मिनिटं तयारी गेली. मी ठेवली होती तेव्हा सरासरी दोन तासांच्या वर निघाली, आणि त्यातला दुसरा तास बहुतेक सजावटीत गेलेला. एक आकृती परत काढायची, एक संदर्भ आणखी बघायचा. आजच्या मुलींचं पाहते तर पीपीटीचा रंग बदलायचा. मुलांना यातलं काहीही कळत नाही. उलट ज्या तासांची मी गरजेपेक्षा जास्त तयारी केली, ते तास मी जास्त बोलले आणि मुलं कमी. नंतर मी स्वतःला चाळीस मिनिटांची मर्यादा घातली आणि एक साचा ठरवला: तासात विचारायचे तीन प्रश्न, फळ्यावर काढायची एक आकृती आणि हातात द्यायला एक खरी वस्तू. पानाचा प्रकार शिकवायचा तर कॉलेजच्या कुंपणावरचं पान. तयारी आदल्या संध्याकाळी करायची, सकाळी नाही. सकाळी केली की ती दोन तास खाते, कारण सकाळी डोकं ताजं असतं आणि ताज्या डोक्याला सजावट सुचते. संध्याकाळी दमलेलं डोकं कामापुरतंच करतं. सकाळचे दोन तास असे आपोआप मोकळे होतात.

आणि तास संपल्यावर स्टाफरूममध्ये चहा घेण्याआधी पाच मिनिटं टिपणात लिहा: मुलं कुठे अडली, कोणतं उदाहरण चाललं. पुढच्या वर्षी तोच पेपर मिळाला तर तयारी पंधरा मिनिटांत होते. इथे एक सावध सूचना. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा नवा अभ्यासक्रम आपल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला पहिल्या वर्षाला आला आणि दरवर्षी एकेक वर्ग वर चढतो आहे. प्रत्येक नव्या पेपरची तयारी शून्यापासून. कायमचे प्राध्यापक हुशार असतात. जुना पेपर स्वतःकडे ठेवतात आणि नवा सीएचबीच्या मुलीला देतात, "तुम्हाला नवं शिकायला मिळेल" म्हणून. नवं शिकायला मिळतं, खरं आहे. पण वाटणीच्या वेळी एवढं म्हणा की गेल्या वर्षी घेतलेला पेपर मला परत द्या, त्याचा निकाल चांगला लागेल. निकालाचं नाव काढलं की ऐकतात.

प्रॅक्टिकलची जर्नलं घरी नेऊ नका. मी वर्षभर पिशव्या भरभरून नेल्या आणि रात्री अकराला सह्या केल्या. मग लक्षात आलं, मुलं खोडाचा-पानाचा छेद घेऊन त्याला सॅफ्रॅनिनचा रंग लावून थांबतात तेव्हा मी खिडकीपाशी उभी असते. तेव्हा पाच जणांची जर्नलं त्यांच्यासमोरच होतात, आणि चूक तोंडावर सांगितलेली त्यांना जास्त लागू पडते. व्हॉट्सअ‍ॅपच्या शंकांचंही तसंच. रात्री साडेनऊला आलेल्या शंकेचं उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना द्या. तीच शंका बाकी दहा जणांना असते.

आतापर्यंतचं एवढंच: पावसाळ्याचे सलग दिवस जूनमध्ये मागून घ्यायचे, तयारीला चाळीस मिनिटांचं कुंपण घालायचं आणि ती संध्याकाळी करायची. आता मोकळ्या झालेल्या सकाळच्या दोन तासांत करायचं काय, ते बघू, कारण मोकळे तास मिळूनही माझे दोन विद्यार्थी अडकले.

ते अडकले परत सुरुवात करण्यात. गवत ओळखताना 'की' म्हणजे ओळखीची किल्ली वापरतात, तुम्हीही वापरता. हे असेल तर तिकडे जा, ते असेल तर इकडे. सूक्ष्मदर्शकाखाली स्पाइकलेट (गवताच्या कणसातलं इवलं कणीस) उकलत मी दहाव्या-बाराव्या पायरीला पोचलेली असायचे, तेवढ्यात कॉलेजला निघायची वेळ. दोन दिवसांनी परत बसले की पुन्हा पहिली पायरी, कारण मधल्या पायऱ्यांवर काय बघितलं ते डोक्यातून गेलेलं. दोन तासांतला एक तास "मी कुठे होते" यातच. पुढे मी एक सवय लावून घेतली, ती आजही माझ्या विद्यार्थ्यांना सक्तीची आहे. उठण्याआधी वहीत शेवटची ओळ लिहायची: पुढच्या वेळी पहिलं काम कोणतं. "प्रकरण दोन लिहिणे" असलं काही नाही. "नमुना क्र. ११२, की-ची पायरी १०, देठावरचे केस बघायचे राहिले" असं. गावातली एखादी आजी ज्या थाटात "भाजी चुलीवर आहे, मीठ घातलंय, तिखट राहिलं" सांगून शेजारी जाते, त्या थाटात. मग चार दिवसांनी बसलात तरी पाच मिनिटांत हात चालू होतो. माझ्या जुन्या वह्यांत या ओळी अजून आहेत, त्या वाचताना शास्त्रापेक्षा मला त्या दिवसांचीच आठवण जास्त होते.

तुकड्या-तुकड्यांत होणारं काम आणि न होणारं काम वेगळं करा. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं एसटीत कानाला लावून ऐकता येतात. एकाच भाजीची पावरी, भिली आणि अहिराणी नावं, त्यांचा तक्ता वीस मिनिटांत दोन ओळींनी पुढे जातो. गाइडना भेटायला दोंडाईच्याहून रेल्वेनं जळगावला जात असाल तर अमळनेर-धरणगाव मागे पडेपर्यंत दोन-अडीच तास वाचायला मिळतात. तिथे लॅपटॉप काढू नका, चार्जर आणि गर्दी दोन्ही दगा देतात, छापील पेपर न्या. चर्चेचं प्रकरण मात्र वीस मिनिटांत होत नाही. त्याला सकाळचे सलग दोन तास किंवा सुट्टीच लागते.

सुट्टी म्हटली की सगळे मे महिन्याकडे बोट दाखवतात. मे महिन्याचा भरवसा धरू नका. पेपर तपासणी, लग्नसराई, घरी बिबड्या आणि कुरडया, आणि पंचेचाळीस अंशांत दुपारी लाइट गेली की कूलरही बंद. मी मे महिन्यात पहाटे साडेचार ते आठ लिहिलं, तेवढंच झालं. आठनंतर मी कोणाची तरी सून, वहिनी, मामी असायचे. दिवाळीची सुट्टी लहान असते, पण जास्त कामाची, कारण पावसाळ्याचा माल तेव्हा ताजा असतो आणि थंडी सुरू झालेली असते.

गाइडबद्दल दोन शब्द. संशोधन सल्लागार समितीपुढे तुम्हाला दर सेमिस्टरला प्रगती मांडावी लागते. बहुतेक मुलं ते संकट समजतात आणि आदल्या रात्री पीपीटी करतात. मला तर वाटतं, बिनघंटेच्या कामाला मिळालेली ती एकमेव घंटा आहे, तिचे आणखी तुकडे करा. गाइडना दर महिन्याच्या पाच तारखेला एक पान पाठवा: काय झालं, काय अडलं, काय हवंय. त्यांनी वाचलं नाही तरी चालेल. माझे गाइड बहुधा वाचत नसत. पण पाच तारीख जवळ आली की मला झोप लागत नसे, आणि तेवढं पुरत होतं.

शिकवण्यावर मी एवढी कात्री चालवली म्हणून ते संशोधनाचं शत्रू आहे असं समजू नका. तुमच्या वर्गात धडगाव-अक्कलकुव्याची मुलं असणारच. माझ्या वर्गात एकदा एका मुलानं मी दाखवलेला नमुना बघून सांगितलं, "मॅडम, हे आमच्याकडे फक्त पहिल्या पावसातच खातात, नंतर जनावरांना." माझ्या टिपणात ते गवत फक्त चारा म्हणून होतं, त्याचे कोवळे कोंब माणसं खातात हे कुठे वाचलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याच्या आजीकडे जाऊन मी ते स्वतः बघितलं आणि प्रबंधात आजीचं नाव तिला विचारून घातलं. तुमचा तर विषयच हा आहे. फक्त एक पथ्य पाळा: मुलांना फुकटचे मदतनीस करू नका. माहिती घेतली तर नाव द्या, आणि "मॅडमच्या पीएच.डी.चं काम केलं की इंटर्नल चांगले पडतात" अशी कुजबूज तुमच्याबद्दल होऊ देऊ नका. एका ठिकाणी होताना पाहिलं आहे, ती पुसली जात नाही.

आता शेवटचा प्रश्न, सीएचबी सोडू का. माझं मत, आत्ता नको. पैसे उशिरा येतात, सुट्टीचे मिळत नाहीत, सगळं खरं. पण दुसऱ्या वर्षात सोडून मोकळा झालेला वेळ संशोधनाला जात नाही, घरात विरून जातो. विशेषतः मुलींचा. "आता घरीच आहेस ना" हे वाक्य तुमच्या दोन तासांचा फडशा पाडेल. कॉलेजला जाणं हे घराबाहेर पडण्याचं सगळ्यांना पटणारं कारण आहे, ते इतक्यात टाकू नका. सोडायचंच तर शेवटी सोडा: क्षेत्रकामाचे दोन पावसाळे झाल्यावर, लिखाणाच्या एका सेमिस्टरपुरतं. त्या सहा महिन्यांचे पैसे आजपासून वेगळे ठेवायला लागा, आणि घरी आजच सांगा की अमुक वर्षी अमुक महिन्यात मी कॉलेजला जाणार नाही पण घरीही नसेन, वाचनालयात असेन. माझ्या एका विद्यार्थिनीनं हे लग्न ठरतानाच सांगितलं होतं. मला तेवढं धाडस झालं नव्हतं, म्हणून माझी सहा वर्षं लागली आणि तिची चार. घर तुमच्या मानधनावरच चालत असेल तर अर्थात हे सगळं गैरलागू. मग तास ठेवा, पेपर जुने मागा आणि पाचवं वर्ष गृहीत धरा.

आत्ता फेब्रुवारी संपतोय. येत्या काही दिवसांत मोह टपकायला लागेल आणि त्याच सुमाराला तुमची प्रॅक्टिकल परीक्षा लागेल. बदली सुपरवायझर कोण होतं का ते तारखा लागण्याआधी विचारून ठेवा. पाड्यावर आदल्या संध्याकाळीच पोचा, बायका साडेचारला टोपल्या घेऊन निघतात. टॉर्च, वही आणि पेन्सिल न्या. दवात बॉलपेन चालत नाही.